तोफा गप्प होत्या तो हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती चांगलीच. सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं आणि दहा वाजेपर्यंत उन्हाला जीव नसतो. थंडीबरोबर तोफाही सुरू झाल्या. आमच्या देवळाली कॅम्पात या दोन्ही गोष्टी एकमेकींचं बोट धरून येतात. पावसाळाभर अडखळत चाललेला सराव आभाळ स्वच्छ झालं की रंगात येतो. टेकड्यांपलीकडच्या रेंजवर लाल निशाण चढतं आणि मग चहा-नाश्त्याच्या वेळेपासून धडाड, धडाड. खिडक्यांची तावदानं थरथरतात, मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात. माझी सून पूजा नाशिक शहरात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी ती हातातला कप टाकून टेबलाखाली शिरायच्या बेतात होती. आता बाळ नुकतं झोपलेलं असतं आणि तिकडे बार उडतो, तेव्हा ती टेकड्यांकडे बघून दातओठ खाते.

"आई, ह्यांना एक दिवस तरी सुट्टी नसते का हो?"

"असते की," मी म्हणते, "रविवारी. पण त्या दिवशी तुझा नवरा घोरतो."

मला मात्र तो आवाज लागतो. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटेल. जगात कुठेही तोफा वाजल्या की लोक मुलंबाळं पोटाशी धरून पळत सुटतात. आम्ही तोफा वाजल्या की निर्धास्त असतो. कारण अगदी साधं आहे. तोफा इथे वाजतात म्हणजे त्या इथे आहेत. त्यांच्यामागे उभी असलेली माणसं इथे आहेत आणि संध्याकाळी ती आपापल्या घरी जेवायला येणार आहेत. रेंज गप्प झाली आणि गप्पच राहिली, तर समजावं की कुठेतरी लढाई लागली. हे मी शिकले एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि माझे वडील तोफखान्यात हवालदार होते.

त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तोफ ओढून नेणारी मोठी गाडी ते चालवायचे. मूळ गाव घोटीजवळचं, भाताच्या खाचरांचं. तात्यांच्या अंगाला डिझेलचा आणि ग्रीसचा वास असायचा. तो साबणाने जायचा नाही, आणि गेला असता तर मला चाललं नसतं. बाजारामागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. चाळीत निम्मी बिऱ्हाडं तोफखान्यातल्यांचीच. कोणी पंजाबचं, कोणी आंध्राकडचं, कोणी आमच्यासारखं इथलंच. भाषा सगळ्यांची वेगळी, पण एक रीत सगळ्यांची एक होती. रेंजवरचा शेवटचा बार झाला आणि बराच वेळ पुढचा आवाज आला नाही, की चाळीतल्या बायका आपापले बंब पेटवायच्या. माणसं धुळीने आणि दारूच्या धुराने माखून यायची, त्यांना दारात पाऊल टाकताच कढत पाणी लागायचं. घड्याळ कोणाकडे नव्हतं आणि लागतही नव्हतं. पाणी तापायला आणि गाडी चाळीच्या तोंडाशी यायला बरोबर एक गाठ पडायची. संध्याकाळी चाळीवर लाकडाच्या धुराचा एकच पट्टा तरंगत असायचा. मला अजून कुठे ओलं लाकूड जळताना वास आला, तर वाटतं आता गाडी येईल.

त्या वर्षी दसऱ्यानंतर स्टेशनवर मालगाड्या लागल्या. उघड्या डब्यांवर तोफा दोरखंडांनी बांधलेल्या, वर ताडपत्री, ताडपत्रीवर झाडांच्या फांद्या. आम्ही पोरं बघायला गेलो तर एका जवानाने हुसकून लावलं. तात्या निघाले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्यात आठवण्यासारखं काहीच घडलं नाही. त्यांनी पट्टा आवळला, माझ्या वेणीला हिसका दिला आणि दारात उभ्या असलेल्या आईला म्हणाले, "आता काही दिवस इथं आवाज नाय यायचा. घाबरू नको. आम्ही परत आलो, का पयला आवाजच ऐकू येईल तुला."

आई म्हणाली, "स्वेटर घेतलं का?"

एवढंच. तेवढ्यावर ते गेले.

आणि मग जे सुरू झालं ते मला कोणाला नीट सांगताच आलेलं नाही. शांतता म्हणून लोक पैसे मोजून डोंगरात जातात, त्यांना माझं म्हणणं कसं कळणार? आमच्या मांडणीवरच्या वाट्या हलेनाशा झाल्या. टेकड्यांकडे कावळे कधी नव्हे ते दुपारी ओरडू लागले. लांबच्या भगूरकडच्या देवळातली घंटा आम्हाला ऐकू येते, हे आम्हाला त्या हिवाळ्यात कळलं. चाळीतल्या बायका बोलताना आपोआप आवाज खाली घ्यायच्या. शेजारच्या बीजी, पंजाबकडच्या, त्यांचा नवरा तात्यांच्याच तुकडीत होता. त्या भलं दांडगं हसायच्या. त्यांचं हसू बंद झालं. आई शेगडीजवळ बसून भाकरी थापायची आणि मध्येच हात थांबवून कान द्यायची. कानाला काही लागायचं नाही. मग ती उरलेली भाकरी थापायची.

लढाई उघड लागली तसा अंधारही आला. संध्याकाळी एकही दिवा बाहेर दिसता कामा नये असा हुकूम झाला. आईने कणकेची खळ शिजवली आणि आम्ही दोघींनी काचांना काळे कागद चिकटवले. त्या खळीचा आंबूस वास आणि कागदाची शाई मिळून घराला एक आजारी वास आला होता. गाड्यांच्या दिव्यांना निळा रंग फासला होता. एकलहऱ्याच्या नव्या वीजघराकडे एरवी आभाळाचा एक कोपरा उजळलेला दिसायचा, तोही काळा पडला. शाळेच्या पटांगणात खंदक खणले, आणि खरं सांगायचं तर आम्हा पोरांना त्याचा कोण आनंद झाला. भोंगा वाजला की बाई ओरडायच्या, "पालथे पडा, कानात बोटं घाला!" आम्ही मातीत पालथे पडून एकमेकांना चिमटे काढायचो. मातीला ओल होती, गारवा होता, आणि वर निळंशार रिकामं आभाळ. आमच्यावर कधीच काही पडलं नाही. पडायचं ते दुसरीकडे कुठेतरी, जिथे तात्या होते, तिथे पडत होतं.

लढाई आपण जिंकलो. बाजारातल्या हलवायाने पेढे फुकट वाटले, कोणीतरी ताशा आणला. आम्ही काचांवरचे कागद ओरबाडून काढले तेव्हा खळीबरोबर चौकटींचा थोडा रंगही निघाला. दोन-तीन दिवसांनी एक सुभेदारसाहेब आमच्या दारात आले. टोपी काखेत, मान खाली. ते हिंदीत आईला म्हणाले, "मिल नहीं रहे हैं, बहनजी. गाडी रेत में मिली, लेकिन वो मिल नहीं रहे."

आईने त्यांना बसायला पाट दिला. चहा केला. ते गेल्यावर बीजींनी तिला जवळ घेतलं, तर ती त्यांनाच समजावू लागली, "सापडत नाय म्हणाले. म्हणजे शोधत असतील ना."

त्यानंतरची एक सकाळ आहे, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. थंडी सरत आली होती. आई माझी वेणी घालत होती. आणि टेकड्यांपलीकडून बार उडाला. एकच. पाठोपाठ दुसरा. मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या. आईच्या हातातून माझे केस सुटले. ती उठली आणि बंबाकडे गेली. मी व्हरांड्यात आले तर चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं उघडत होती. बायका एकमेकींकडे बघत होत्या, हसत होत्या, रडत होत्या. बीजी ओरडल्या, "आ गये! आ गये!" सकाळची वेळ, बंब पेटवायची ही वेळच नव्हे, पण भराभर सगळे बंब पेटले. आईने पातेल्यात नवा तांदूळ काढला, लग्नातलं लुगडं नेसली, कुंकू नीट लावलं आणि मला कोपऱ्यावर उभं केलं. "गाडी दिसली का पळत ये."

दुपारी गाड्या आल्या. सगळ्या बायका रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. गाड्यांत पोरसवदा, ताजे भरती झालेले जवान होते. मिसरूडही न फुटलेले, कुठल्या कुठल्या गावचे. तोफाही वेगळ्या होत्या, दुसरीकडून शिकवणीसाठी आणलेल्या. आपल्याला बघायला एवढ्या बायका नटूनथटून का उभ्या आहेत हे त्या बिचाऱ्यांना कळेना. एकाने गोंधळून हात जोडले. गाड्या गेल्या. धूळ खाली बसली. जी ती आपल्या दारात गेली. तोफांचा आवाज म्हणजे आपली माणसं, अशी चूक जगात दुसरीकडे कुठे होणार? आम्हीच ती करू शकत होतो. आईने त्या तापलेल्या पाण्याने मला न्हाऊ घातलं. बंबातलं सगळं पाणी संपेपर्यंत ती माझ्या डोक्यावर तांबे ओतत राहिली.

पुढे तुकडी खरंच परतली, बीजींचा नवरा आला. पण त्या बाईचं मोठेपण बघा, त्यांनी त्याचे धुतलेले कपडे कधी व्हरांड्यातल्या दोरीवर घातले नाहीत. आमच्या आईला दिसू नयेत म्हणून घरातच खुंट्यांवर वाळत टाकायच्या. खाकी कपडा लवकर वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. त्यांनी तो वास बदली होऊन जाईपर्यंत सोसला.

कैदी झालेली माणसं परत आली, त्यात तात्या नव्हते. घोटीहून चुलते आणि दोन म्हातारी माणसं आली. म्हणाली, आता कुंकू पूस आणि पोरीला घेऊन गावी चल. आई चुलीतलं लाकूड सारखं करत म्हणाली, "सरकार म्हणतं सापडला नाय. मेला, हे तुम्ही कुठून आणलं?" तिने कुंकू पुसलं नाही. दवाखान्यात आयाची नोकरी धरली, मला शिकवलं. मी नाशिकरोडच्या शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलगा मोठा झाला, त्याने गंगापूर रोडला फ्लॅट घ्यायचं काढलं. आई म्हणाली, "तुम्ही जा खुशाल. तिथं तोफा ऐकू येत नाय." म्हणून आम्ही सगळेच इथे राहिलो. ती उघडपणे कधी वाट बघत बसली नाही, कामाला वाघ होती. पण सकाळचा पहिला बार झाला की हातातलं काम थांबवून ती रस्त्याकडे एकदा बघायची. माझा फार जीव जळायचा. तरुणपणी तर मी तिच्यावर ओरडलेही आहे, की आई, पुरे आता. मी मनातून तात्यांना केव्हाच पोचवून आले होते. मुलीला ते जमतं, तिला पुढे जायचं असतं.

पंधरा ऑगस्टला मला कुठल्या ना कुठल्या शाळेत बोलावतात. शाल, नारळ आणि 'वीरकन्या' असा शब्द. मला त्या शब्दाची चीड येते. मी काय शौर्य केलं? मी खंदकात चिमटे काढले. समोर गणवेशातली मुलं उन्हात चुळबुळत असतात, एखादी पेंगते, एखादा पुढच्याच्या मानेवर टिचकी मारतो. मला वाटतं ह्यांना काय सांगू? संध्याकाळी तुमच्या घरी दिवा लागतो आणि खिडकी उघडी असते. तुम्ही आईशी भांडून सायकल घेऊन निघता आणि कोणी विचारत नाही कुठे चाललास. पेपर वाईट गेला म्हणून तुम्हाला रडू येतं, रडण्यासारखं दुसरं काही नसतं म्हणून. हे सगळं मिळालं आहे, फुकट मिळालेलं नाही, आणि ज्याने मोल दिलं तो वाळूत कुठे पडला हेही आम्हाला माहीत नाही. मी कृतज्ञ आहे. अगदी मनापासून आहे. पण मला तात्याही हवे होते. माझ्या लग्नात हवे होते, नातवाचा कान पिळायला हवे होते. दोन्ही गोष्टी एकाच छातीत राहतात आणि एकमेकींना जागा देत नाहीत. शाळेत मी हे बोलत नाही. अभ्यास करा, आईवडिलांना त्रास देऊ नका, एवढं सांगून खाली बसते.

आता या हिवाळ्याचं.

आईला गेल्या वर्षापासून ऐकू येईनासं झालं. आधी एक कान गेला, मग दुसरा. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र तिने चार दिवस घातलं आणि डब्यात टाकलं. "कानात माशी फिरती," म्हणाली. आम्ही हातवारे करून, ओरडून भागवत होतो. थंडी पडली तशी ती अस्वस्थ होऊ लागली. एके दिवशी मला स्वयंपाकघराच्या दारात अडवून तिने विचारलं, "रेंज बंद झाली का गं?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याच क्षणी बार उडाला, पूजा दचकली, बाळ रडलं. आईने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि जे समजायचं ते ती समजली.

"परत लागली का लढाई?"

त्या दिवसापासून ती त्या हिवाळ्यात राहायला गेली. संध्याकाळ झाली की घरभर फिरून दिवे मालवते. नातसून दिवा लावते, ही मालवते. आपल्या खोलीच्या खिडकीला तिने जाड काळं घोंगडं टांगलं आहे. जेवताना घास हातात धरून थांबते, मान तिरकी करते. मी ओरडून सांगते, "आई, वाजतायत तोफा! लढाई नाही!" ती माझ्या गालावरून हात फिरवते, लहान पोरीवरून फिरवावा तसा, आणि म्हणते, "तू जेव. येतील ते. स्वेटर घेऊन गेलेत."

माझा मुलगा म्हणतो, असू दे ना, आजी खुशीत आहे. खुशीत कसली? ती भीतीत आहे. काळजात धडकी घेऊन अंधारात बसते, रात्री तिला झोप नाही. ज्या दिवसांतून तिने मला हाताला धरून बाहेर काढलं, त्यात तिला या वयात एकटीला कशी सोडू? पण तिला तिथून बाहेर आणायचं म्हणजे लढाई संपली हे पटवायचं, आणि लढाई संपली की पुढचं ठरलेलं आहे. तिच्या त्या अंधारात तात्या अजून आघाडीवर आहेत. माझ्या उजेडात ते कुठेच नाहीत. मी आठवडाभर यावर काही करू शकले नाही.

काल सकाळी सराव नेहमीपेक्षा जोरात होता. ती पलंगावर बसून होती, घोंगडं टांगलेलं, खोलीत काळोख. मला राहवलं नाही. मी तिला उठवलं, खिडकीपाशी नेलं, घोंगड्याखालून तिचा हात आत सारला आणि तळवा काचेवर दाबून धरला. गार काच, तिचा सुरकुतलेला हात, वर माझा हात. आम्ही थांबलो.

बार उडाला. काच थरथरली. तिचा हात थरथरला.

तिने चमकून माझ्याकडे बघितलं. पुढचा बार. मग पुढचा. तिने माझा हात बाजूला केला आणि आपली आपण काचेवर तळवा ठेवून उभी राहिली. चेहऱ्यावर उजेड आल्यासारखं झालं. "वाजत्यात!" ती म्हणाली. "वाजत्यात की गं!" मी जोरजोरात मान हलवली. मला एवढा आनंद झाला, की पुढचं मी विसरूनच गेले होते.

ती कितीतरी वेळ तशी उभी होती, बार मोजत असल्यासारखे ओठ हलत होते. हळूहळू तिच्या ओठांची हालचाल थांबली. मग तिने स्वतःच्या हाताने घोंगडं ओढलं, ते खाली पडलं. बाहेर लख्ख ऊन होतं, शाळेची व्हॅन थांबली होती, समोरच्यांची मुलगी एक बूट घालून दुसरा हातात घेऊन पळत होती. आई ते सगळं बघत राहिली. आणि माझ्याकडे न वळता, रोजचं काही सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"लय वरसं झाली वाजायला लागून. म्हणजे गेलेच ते."

हेच तिने म्हणावं म्हणून चुलते घोटीहून आले होते. हेच तिने म्हणावं म्हणून मी तरुणपणी तिच्यावर ओरडले होते. आणि आता ते ऐकल्याबरोबर मी तिचे दोन्ही खांदे धरून, पूजा धावत येईल इतक्या मोठ्याने ओरडत होते, "नाही, आई! येतील! तू म्हणतेस ना, येतील तात्या!"

तिला ऐकू गेलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती.